समास सोडून

बोरा बाजारात, जिन्याखाली, साडेचार बाय सहाचं माझं दुकान.
पाय लांब केले तर गिऱ्हाइकाच्या चपलांना लागतात.
पण पानाला डावीकडे मी दीड इंच सोडतो,
त्यात कधी कंजुषी नाही.
उद्या कुणी फाईलवाला टोच्या मारणार, दोरा ओवणार,
तो कुणाच्या नावातून जाऊ नये.

शिवाय पाव इंच गटर.
शरयूबाई चुरींनी पडद्यावर तो शब्द वाचला,
"तुमच्या कागदालासुद्धा गटर?"
म्हटलं, लागतं. नाहीतर शिवणीत अक्षरं तुंबतात.
"आमच्या डॉकयार्डला तेच सांगून दमले," म्हणाल्या.

काम साधं, प्रतिज्ञापत्र.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने त्या लेकीकडे, विरारला.
तेवढ्यात मालक म्हणाला, बाईंनी खोली सोडली.
सात पानं भरली. आठव्यावर उतरली
फक्त सहीची रेघ,
खाली तारीख, आणि बाकी सगळं
पांढरं मैदान.

पलीकडच्या टेबलावरून नोटरी दस्तूरसाहेब
चष्म्यावरून बघत म्हणाले, सही एकटी नको.
एकट्या सहीच्या डोक्यावर उद्या कुणीही काहीही लिहील.

मग मी तेच केलं जे सगळे करतात.
पट्टीवरचा उजवा त्रिकोण धरला, बाहेर ढकलला,
एक इंचाचा पाऊण, पाऊणचा पाव,
मग पावाचंही काही ठेवलं नाही.
ओळी लांबल्या, परिच्छेद आखडले,
बाल्कनी आत घ्यावी तशी जागा निघत गेली,
आणि सही सुळकन सातव्या पानावर आली.

प्रिंटरने विचारलं, मजकूर छपाईच्या कडेबाहेर जातो आहे, तरी छापू?
हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा वाचतो.
म्हणजे वाचत नाही. हो दाबतो.

शरयूबाई बोट ठेवून वाचतात,
ओठ हलवत, सुटी नाणी मोजावीत तशा.
चौथ्या पानाच्या उजव्या टोकाला बोट थांबलं.
"हे मी असं बोलले?"

मी लिहिलं होतं, मी खोली सोडली नाही.
कागदावर होतं,
मी खोली सोडली ना

त्यातलं शेवटचं अक्षर कडेच्या त्या दोन सुतांत राहिलं
जिथे शाई पोचतच नाही.

पंखा फिरत होता, त्याचा तो एक आवाज.
सोडली ना.
मालकाने जिन्यात गाठून विचारावं
आणि बाईंनी, एकदाचा विषय मिटावा म्हणून,
मान हलवावी, तसं ते दिसत होतं.

मी सगळं मागे घेतलं. दीड इंच, एक इंच, गटर.
सही परत आठव्यावर, परत एकटी.
ओळींमधलं अंतर वाढवू का, मी विचारलं.

"अंतर कशाला? ओळी आहेत की माझ्याकडे. घ्या."
आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवून त्यांनी सांगितल्या:

पाणी पहाटे चार चाळीसला येते.
मी विरारला असताना पिंप डिमेलोबाई भरीत, चावी त्यांच्याकडे होती.
परत आल्यापासून मी भरते. सहा कळशा.
नळाचा वॉशर गेल्या महिन्यात मी बदलून घेतला. पावती जोडली आहे.

दस्तूरसाहेबांनी दोनदा वाचलं,
"पावती कुठे आहे?" विचारलं,
ती पिशवीत होती, विजेच्या बिलाच्या घडीत.
शरयूबाईंनी सही केली,
रेघेला न टेकता, जरा वर.

आठ पानांचे पैसे मोजून दिले.
बिघडलेली सात तुम्हीच ठेवा म्हणाल्या, पाठकोरी आहेत.

सहा हिशेबात संपली.
चौथं कीबोर्डखाली आहे, उजवी कड बाहेर.
हो दाबण्याआधी हल्ली मी तिकडे बघतो.
नेहमी नाही.